वीज गेली, वादन चालू

चौतीस वर्षांच्या वार्ताहरकीत माझ्यावर खुलासा छापण्याची वेळ चार वेळा आली. आकडा नक्की आहे, कारण चारही कात्रणे मी वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. खुलासा म्हणजे आधी छापलेली चूक कबूल करणारा मजकूर. चूक पहिल्या पानावर झालेली असली तरी खुलासा आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली येतो आणि सहसा चार ओळींच्या पुढे जात नाही. इतर वाचक तो वाचत नाहीत. ज्याच्याबद्दल असतो तो मात्र पाठ करतो.

पहिला खुलासा पेणच्या एका शोकसभेचा. मी अध्यक्षांचे नाव दिवंगतांच्या जागी घातले आणि दिवंगतांचे अध्यक्षांच्या जागी. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी स्वतः आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “बघून घ्या.” दुसरा गागोदे बुद्रुकचा. अवकाळी पावसाने तुरीचे नुकसान झाल्याचे मी लिहिले. नुकसान वालाचे होते. तिथले दोन शेतकरी काळे पडलेले वालाचे वेल घेऊन एसटीने पेणला आले, ते माझ्या टेबलावर ठेवले, “तूर अशी असते व्हय?” एवढे विचारले आणि परत गेले. तिसरा महामार्गावर उलटलेल्या टँकरचा. त्यात आम्ल असल्याचे मी कळवले होते. ते खाद्यतेल निघाले. बातमी छापून येईपर्यंत आसपासच्या घरांत डबे भरून झाले होते आणि बातमी वाचून ते ओतूनही झाले. चौथा निडीचा. दुरुस्तीच्या कामामुळे सकाळची गाडी निडी स्थानकात थांबणार नाही असे मी छापले. गाडी आली, नेहमीप्रमाणे थांबली आणि कोणी चढले नाही म्हणून तशीच निघून गेली.

हे चार किस्से मी अनेक कार्यक्रमांत सांगितले आहेत. लोक हसतात. चुका मोकळेपणाने सांगणारा पत्रकार असे माझे नावही झाले. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्यांनाही हेच किस्से अपेक्षित होते. पाचवा खुलासा मी कधी सांगितला नाही, कारण तो छापलाच नाही. तो गिटारवादनाच्या एका कार्यक्रमाबद्दल होता.

तालुक्याचा वार्ताहर कार्यक्रमाची बातमी कशी करतो ते आधी सांगायला हवे. निमंत्रणपत्रिका आदल्या दिवशी हातात असते. तिच्यातली नावे क्रमाने उतरवली की निम्मी बातमी झाली. प्रत्यक्ष सभागृहात जायचे ते तीन गोष्टींसाठी: पत्रिकेतले कोण आले नाहीत ते पाहायचे, गर्दीचा अंदाज घ्यायचा आणि दीपप्रज्वलनाचे छायाचित्र काढायचे. समई पेटली की वार्ताहराचा कार्यक्रम संपतो. पुढचा रसिकांसाठी असतो. गाणे असो, नाटक असो, व्याख्यान असो, ‘रंगतदार झाले’ हे समई पेटतानाच ठरलेले असते. हे मी कोणावर टीका म्हणून लिहीत नाही. सहापासून साडेआठपर्यंत दोन तालुक्यांतल्या चार कार्यक्रमांना एकटा माणूस जातो तेव्हा असेच होते. या पद्धतीने मी शेकडो संगीतसभांच्या बातम्या दिल्या. एकही सभा शेवटपर्यंत ऐकली नाही.

रोह्याच्या एका सांस्कृतिक मंडळाने शाळेच्या सभागृहात तो कार्यक्रम ठेवला होता. साधारण सहा वर्षे झाली. पत्रिकेवर ‘एकल गिटारवादन : हिराजी ठाकूर’ असे होते. हिराजी मूळचा पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटातला. वडील मिठागरावर कामाला. तो स्वतः रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत ऑपरेटर होता, वय पन्नाशीच्या पुढे. तिथल्याच इनास नावाच्या वसईकर फोरमनने त्याला गिटार शिकवली होती. शिफ्ट सुटल्यावर, कंपनीच्या क्वार्टरच्या ओट्यावर, अकरा वर्षे. पत्रिकेत गुरूचे नाव इनास मास्तर असे छापले होते. कामावर जो फोरमन होता तो ओट्यावर मास्तर होता. एवढी माहिती मंडळाच्या सचिवांनी दिली. मी ती लिहून घेतली आणि वापरली नाही.

समई सहा वाजून वीस मिनिटांनी पेटली. हिराजी एकटा बसला. हातात लाकडी गिटार, तिच्यातून निघालेली एक वायर, शेजारी आवाजाची पेटी, दुसऱ्या बाजूला लोखंडी स्टूल. मी बाहेर आलो. बाजूच्या दाराशी चहाची टपरी होती आणि तिथे शेखर उभा होता. शेखर पेणचा ऑर्केस्ट्रावाला. या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात आधीची सलग पाच वर्षे त्याचाच ऑर्केस्ट्रा होता आणि त्या वर्षी नव्हता. हे मला माहीत होते. बातमी लिहिताना ते मी विसरलो असे म्हणता येणार नाही. मी ते जमेत धरले नाही.

आतून वादन ऐकू येत होते. खाली जाड तारांचा एक ठेका चालला होता, मध्ये सुरांचा भरणा होता आणि वर मुख्य सूर स्वतंत्र चालला होता. शिवाय लाकडावर थाप पडल्यासारखा आवाज मधूनमधून येत होता. शेखरने चहाचा ग्लास खाली ठेवला.

“तुमी एवढे मोठे पत्रकार,” तो म्हणाला, “तुमाला काय वाटतं, हा एक माणूस वाजवतोय?”

मी म्हटले, आत एकच बसला आहे.

“बसलाय एकच. दोन हातांतून एवढं येत नाय हो. मी तीस वर्षं गिटारवाले सांभाळलेत. आत रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावलाय. जावा, बघा.”

मी खिडकीशी गेलो. स्टुलावर मोबाईल होता. पडदा उजळलेला. मी तो पाहिला आणि वहीत लिहिले: ‘स्टूल. मोबाईल, चालू.’ त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मला आजही ओळखता येतो. त्याच वर्षी मी एका बनावट आरोग्य शिबिराची बातमी दिली होती आणि तिची जिल्हाभर वाहवा झाली होती. खोटेपणा मला लांबून दिसतो असे मला वाटू लागले होते. हिराजीला जाऊन विचारायला पंचवीस पावले चालावी लागली असती. मध्यंतर सात वाजता होते. मला नागोठण्याला जायचे होते.

मी खिडकीशी असतानाच वीज गेली. दिवे, पंखे, सगळे. सभागृहात पंख्यांचा घरघराट होता तो एकदम थांबला. लोक थोडे हलले आणि शांत झाले. मी सवयीने घड्याळ पाहून वहीत ओळ लिहिली. रोह्यात त्या आठवड्यात वीज सारखी जात होती आणि त्याची वेगळी बातमी मला द्यायची होती. वीज आल्यावर दुसरी नोंद केली आणि स्कूटर काढली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर माझ्या तीन बातम्या होत्या. वरच्या कोपऱ्यातल्या बातमीचा मथळा ‘वादन एकल, आवाज तिघांचे’ असा होता. मजकूर चौदा ओळींचा. शेवटच्या तीन वाक्यांत मी लिहिले होते की एकाच गिटारीतून तीन वाद्यांचा आवाज येत होता. वादकाशेजारी स्टुलावर मोबाईल ठेवलेला होता. आणि ध्वनिमुद्रित साथ लावून ती एकल वादन म्हणून सादर केल्याची चर्चा रसिकांत होती.

यातली पहिली दोन वाक्ये बिनचूक आहेत. तिसऱ्याबद्दल बोलायला हवे. ‘चर्चा होती’ हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्दप्रयोग आहे. जे छातीठोक सांगता येत नाही आणि सोडवतही नाही ते चर्चेच्या नावावर जाते. चर्चेवर कोणी दावा लावत नाही. त्या संध्याकाळी चर्चा टपरीवर झाली होती. ती दोघांत झाली आणि त्या दोघांतला एक मी होतो. रसिक आत बसून ऐकत होते.

अलिबागच्या कार्यालयातून संपादकांचा फोन आला. बातमी चांगली आहे, म्हणाले.

पाचव्या दिवशी दुपारी हिराजी माझ्या कार्यालयात आला. पेणच्या रामवाडीत झेरॉक्सच्या दुकानावरची ती एक खोली होती. तो पहिली शिफ्ट करून आला होता, कंपनीचा गणवेश अंगावरच होता. बसा म्हटले तरी बसला नाही. त्याने घडी घातलेले तिसरे पान काढून टेबलावर पसरले. मला वाटले, आता आवाज चढेल. अशा वेळी काय करायचे ते ठरलेले असते. पाणी द्यायचे, बोलू द्यायचे आणि शेवटी ‘लेखी द्या, बघू’ म्हणायचे.

त्याने कोपऱ्यातल्या बातमीवर बोट ठेवले. उजव्या हाताची नखे वाढवलेली होती, नीट घासून गोल केलेली. डाव्या हाताची बारीक कापलेली. मला ते चमत्कारिक वाटले.

“ही तुमचीच ना?”

मी हो म्हटले. बोट पानाच्या खालच्या भागाकडे सरकले. तिथे सहा ओळींची बातमी होती: रोह्यात विजेचा लपंडाव सुरूच, काल सायंकाळी सहा पन्नास ते सहा सत्तावन्न शहराचा पुरवठा खंडित.

“ही पण तुमचीच?”

मी बातमीतली वेळ पुन्हा वाचली.

“तेवा मी वाजवत होतो,” हिराजी म्हणाला. “पेटी बंद पडली. मी थांबलो नाय. लोकांना विचारा. नायतर कोणाला विचारू नका, तुमची वही बघा.”

मोबाईलबद्दल त्यानेच सांगितले. तारा नव्या घातल्या होत्या. नव्या तारा सुरातून उतरतात. प्रत्येक चीज वाजवून झाली की तो मोबाईलवर सूर बघून तारा पुन्हा लावत होता. त्याला फार काही नको होते. चार ओळी छापा, म्हणाला. मी ठरलेले वाक्य म्हटले: लेखी द्या, बघू. त्याने खिशातून लिहिलेला कागद काढला. तो लेखीच घेऊन आला होता. मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

तो गेल्यावर मी वही काढली. ओळ होती. ‘६.५० वीज गेली. वादन चालू. ६.५७ आली.’ माझ्याच अक्षरात. ते वाचताना आठवलेही. पंखे आणि पेटी थांबल्यावर आवाज लहान झाला होता, पण तिन्ही आवाज होते. खालचा ठेका, मधला भरणा, वरचा सूर. ट्रॅक असता तर तो पेटीबरोबर थांबला असता, आणि नुसत्या मोबाईलचा आवाज खिडकीबाहेर आला नसता. मी खिडकीशी उभा राहून ते ऐकले होते आणि फक्त वेळ लिहिली होती. जनरेटर असेल, असे मी स्वतःला सांगून पाहिले. त्या शाळेत जनरेटर नाही हे मला माहीत होते. त्याच्या मागणीची बातमी मीच दिली होती.

खुलासा चार ओळींचा झाला असता. माझ्या टेबलावर त्या दिवशी एक पत्र होते. पुढच्या रविवारी वार्ताहरांच्या मेळाव्यात माझा सत्कार व्हायचा होता, अचूक वार्तांकनाबद्दल. मेळावा होऊ दे, मग छापू, असे मी ठरवले. मेळावा झाला. शाल मिळाली. मग महिना झाला. महिन्यानंतरचा खुलासा विचित्र दिसतो, लोकांना मूळ बातमी आठवत नसते, उगाच नव्याने चर्चा होते, असे मी मनाशी म्हणालो. हे कारण खरे आहे की नाही ते मी तपासले नाही. हिराजी परत आला नाही. ड्रॉवर भरला तेव्हा कागद खाली गेला.

निवृत्तीनंतरचे माझे पहिले वर्ष चालू असताना पेणला एका संगीतवर्गाने गिटारवादन ठेवले. वादक मेघालयातल्या एक साठीच्या बाई होत्या. बातमी द्यायची नव्हती, म्हणून मी समई पेटल्यानंतरही बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. जागा पुढच्या रांगेत मिळाली. जुन्या सवयीने आयोजकांनीच तिथे बसवले.

बाईंनी सुरुवातीलाच एक चीज वाजवली आणि माझ्या कानाला ओळख पटली. तोच प्रकार. खाली ठेका, मध्ये भरणा, वर सूर, लाकडावर थाप. टाळ्या झाल्यावर त्या हिंदीत म्हणाल्या की पुष्कळांना हे कसे होते ते कळत नाही, म्हणून उकलून दाखवते. “पहले सिर्फ अंगूठा सुनिए,” म्हणाल्या. अंगठ्याने त्यांनी वरच्या तीन जाड तारांवर नुसता ठेका वाजवला. मग अंगठा थांबवून पुढच्या तीन बोटांनी बारीक तारांवर सूर आणि भरणा वाजवला. बोटांना नखे होती, गोल घासलेली. मग दोन्ही एकत्र केले. अंगठा एका गतीने चालला होता आणि बोटे त्याच्याकडे लक्ष न देता आपल्या गतीने. मधूनच तळहाताची कड लाकडावर पडत होती. पिक नावाचा प्लास्टिकचा तुकडा घेऊन वाजवणारे एका वेळी एकच ओळ वाजवतात. हे लोक तो तुकडा टाकून प्रत्येक बोटाला वेगळे काम देतात. याला फिंगरस्टाईल म्हणतात. सगळे मिळून तीन मिनिटांत समजले. मला तेवढी तीन मिनिटे सहा वर्षांपूर्वी काढता आली नव्हती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवर होते.

मध्यंतरात बाईंनी विचारले की इकडे असे कोणी वाजवते का. मागून कोणीतरी हसले. माझ्या शेजारचे गृहस्थ, निवृत्त शिक्षक, माझ्याकडे वळून म्हणाले की रोह्याला एक होता, ट्रॅकवाला. मोबाईल लावायचा आणि नुसते हात हलवायचा. मी विचारले, तुम्ही पाहिले होते का.

“मी नाय पायलं,” ते म्हणाले. “पण सगळे बोलतात. पेपरात पण आलं होतं.”

कोणत्या पेपरात, कोणी दिले होते, हे त्यांना आठवत नव्हते. बातमी माझ्याकडे चर्चा होऊन परत आली होती. उत्तरार्धासाठी मी थांबलो. ती शिक्षा म्हणून थांबलो असे लिहिणे बरे दिसेल, पण तसे नव्हते. वादन फार चांगले होते आणि ते चांगले आहे हे मला दिसत होते, म्हणून उठवले नाही.

ड्रॉवरमधला कागद शोधायला दोन दिवस लागले. त्यावर पत्ता होता. हिराजी तेव्हापासूनच निडीला घर बांधून राहत होता, आता निवृत्त झाला होता. मी दुपारच्या गाडीने गेलो.

ओट्यावर त्याची बायको सुगंधाबाई वाल सोलत होत्या. मी नाव सांगितले. त्यांनी हात थांबवला नाही.

“पेपरवाले व्हय,” त्या म्हणाल्या. “गाडी थांबली का तुमची निडीला? मागं तुमी लिवलंत थांबनार नाय. मी घरात बसले नि गाडी येऊन गेली. माझ्या भावाचा साखरपुडा होता.”

मी म्हटले, त्याचा खुलासा छापला होता.

“छापलात ना. बाजारभावाचं पान वाचत नाय तो. रुसला तो रुसलाच.” मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, “अहो, सहा वर्षांनी आले बघा.”

हिराजी बाहेर आला. केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखले. बसा म्हणाला आणि बायकोला, “चहा ठेव गो,” म्हणाला. मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिले. नखे बारीक कापलेली होती, डाव्या हातासारखी.

मी जे सांगायला आलो होतो ते सांगितले. आधी पाठ केले होते, तरी नीट जमले नाही. वही बरोबर नेली होती. ती ओळ त्याला दाखवली. त्याने चष्मा लावून वाचली आणि वही परत दिली. आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही. ओळ वहीत असणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

मग त्याने सांगितले, तेही मी विचारल्यावर. कार्यक्रम बंद झाले. गावच्या गणपतीला बोलावणे येत असे तेही बंद झाले. कंपनीच्या कँटीनमध्ये तो आला की कोणीतरी मोबाईलवर गाणे लावायचे आणि हात हलवायचे. त्याचे काही नाही, म्हणाला, कँटीन म्हटले की चालायचेच. एक गोष्ट मात्र वेगळी होती. बातमीचे कात्रण कोणीतरी मोबाईलवरून पुढे पाठवले, ते फिरत फिरत वसईला इनास मास्तरांकडे गेले. मास्तरांनी फोन केला.

“मला विचारलं, हिराजी, तू ट्रॅक लावलास?” तो म्हणाला. “अकरा वर्षं माझ्यासमोर बसून त्यांनी मला शिकवलं. माझा अंगठा त्यांनी बांधून ठेवला होता, बोटं सुटी चालावीत म्हनून. आनि तेच विचारतात. मी म्हटलं, तुमी विचारता? नि फोन ठेवला.”

त्यानंतर दोघे बोलले नाहीत. दोघांनीही पुन्हा फोन केला नाही. गिटार कपाटावर गेली.

मी म्हटले, आपण आजच जाऊ. वसईला. तुम्ही त्यांच्यासमोर वाजवा.

चहा घेऊन आलेल्या सुगंधाबाईंनीच उत्तर दिले.

“मास्तरांना आता ऐकू येत नाय. दोन वर्षं झाली. मशीन लावतात, त्याचा पन उपेग नाय. शहाऐंशी वय हाय.”

“वाचतात अजून,” हिराजी म्हणाला. “त्यांचा मुलगा भेटला होता. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात म्हनाला. भिंग घेऊन.”

तेव्हा मला माझ्या कृत्याचा नेमका आकार कळला. सहा वर्षांपूर्वी, पाचव्या दिवशी, चार ओळी छापल्या असत्या तर मास्तरांनी त्या वाचल्या असत्या, शिष्याला बोलावले असते आणि चार वर्षे त्याचे वादन ऐकले असते. आता वाजवून दाखवण्याचा मार्ग बंद झाला होता. छापून दाखवण्याचा तेवढा उरला होता आणि तो माझ्या हातातला होता. मी विचारले, इतक्या वर्षांत तुम्ही त्या दोन बातम्यांची कात्रणे मास्तरांना स्वतः का पाठवली नाहीत.

“मी का पाठवू?” हिराजी म्हणाला. “ज्यानं लिवलं त्यानं लिवावं.”

मी म्हटले, लिहितो. एका दिवाळी अंकाने लेख मागितला आहे. त्याने होकार दिला, पण एक अट घातली.

“चर्चा होती, गैरसमज झाला, असं लिवू नका. कोन बोललं ते लिवा. आनि शेवटचं मोठ्या अक्षरात छापायला सांगा. भिंग धरताना त्यांचा हात हलतो.”

निघण्याआधी मी त्याला वाजवायला सांगितले. तो अधिकार मला नव्हता, तरी सांगितले. त्याने हात पुढे करून नखे दाखवली. वाढायला दीड महिना लागेल, म्हणाला. सुगंधाबाई उठल्या, आत गेल्या आणि कपाटावरची गिटार पुसून घेऊन आल्या. ती त्याच्या मांडीवर ठेवली. मग त्या दाराजवळच्या मीटरपाशी गेल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली.

“आता लिवा वहीत,” त्या मला म्हणाल्या. “वीज गेली. वादन चालू.”

हिराजीने तारा लावायला पाच-सात मिनिटे घेतली, नुसत्या कानाने. मग वाजवले. नखांशिवाय आवाज मऊ आणि बोथट येत होता. दोनदा बोट चुकले. तो थांबला आणि तिथूनच पुन्हा धरले. अंगठा खाली चालला होता, बोटे वर. मी तीन हातांवर बसलो होतो. आवाज तीन होते आणि माणूस एक होता. वाजवताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो मीटरकडे तोंड करून बसला होता, आणि बायको मीटरपाशी उभी होती.

वहीत मी काही लिहिले नाही. रोह्याच्या त्या सात मिनिटांची नोंद माझ्याकडे आधीच होती.

शेखर आता हयात नाही, त्यामुळे त्याच्यावर काही ढकलणे सोपे आहे. ते करत नाही. तो टपरीवर बोलला. छापले मी. या अंकाची एक प्रत मी स्वतः वसईला नेऊन देणार आहे. खालचा मजकूर मोठ्या टायपात घेण्याचे संपादकांनी मान्य केले आहे.

खुलासा. इनास मास्तर यांस. रोहा येथील कार्यक्रमात हिराजी ठाकूर यांनी कोणतीही ध्वनिमुद्रित साथ लावली नव्हती. ऐकू आलेला प्रत्येक आवाज त्यांच्या दोन हातांचा होता. सायंकाळी सहा पन्नासला वीज गेली आणि सहा सत्तावन्नला आली. मधली सात मिनिटे ते वाजवत होते. मी खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. रसिकांत कसलीही चर्चा नव्हती. चर्चा बाहेर, दोन माणसांत झाली. त्यातला एक मी. बातमी खोटी असल्याचे मला पाचव्या दिवशी कळले होते.